आधी तुम्ही दोघं जाऊन या

अगं, भावोजींच्या धुण्यातल्या कपड्यांच्या खिशात सापडलेली ती चांदी तू मुकाट कचऱ्यात टाकलीस, त्यावरून मी तुला बोलणार नाही. सुनेनं धाकट्या दिराविषयी तोंड उघडायचं म्हणजे केवढं अवघड, ते मला कळतं. पण आता गप्प राहू नकोस.

सिगारेटच्या पाकिटातली चांदी कुणाच्याही खिशात असते. ही खालून काजळलेली होती, वर तपकिरी ओघळ होते आणि सोबत नोटेची सुरळी. ही लक्षणं गर्दची. पूड चांदीवर ठेवून खालून काडी धरतात आणि धूर सुरळीनं ओढतात. मग डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, बसल्या जागी डुलक्या येतात. माल मिळाला नाही की जांभया, नाक गळणं, अंग मोडून येणं. त्याला ती पोरं 'टर्की' म्हणतात आणि घरच्यांना वाटतं ताप आलाय. एमडी नावाच्या नशेचं उलटं: बाहुल्या मोठ्या, रात्र रात्र झोप नाही, दात करकर चावणं. एकाच खुणेवर जाऊ नकोस, तारापूरच्या रात्रपाळीनंही माणूस पेंगतो. पण पगार होऊन आठवडा नाही तो उसनवारी, पानवाडीच्या पैशांना फुटलेले पाय, न्हाणीघरात तासभर कडी, हे सगळं एकदम दिसतंय ना?

सासूबाई शितळादेवीपुढे शपथ घालू म्हणतात. घालू देत. भावोजी ती मनापासूनच घेतील, पण टर्की सुरू झाली की शपथेनं अंग दुखायचं थांबत नाही, तिथे औषध लागतं. खोलीत कोंडणं तर नकोच. सोबत दारूही असेल, तर ती एकदम तोडल्यानं झटके येऊ शकतात.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. लं.च्या मदतीनं. तिथे व्यसनाला आजार मानतात आणि घरच्यांनाही समुपदेशनाला बसवतात. मला हेच फार पटतं. भावोजींनी हो म्हणायची वाट बघत बसू नका. आधी तू आणि तुझा नवरा जा. त्यांची उधारी फेडायची की नाही, कंपनीत खोटी आजारपणं कळवायची की नाही, हे तिथे विचारा. माझं मत विचारशील तर दोन्ही आजपासून बंद. जेवायला मात्र रोज हाक मारा.

१४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर, फुकट आहे. पोलिसांची भीती वाटते ना? अमली पदार्थांच्या कायद्यातल्या कलम ६४अ प्रमाणे थोड्या मालासह सापडलेला व्यसनीसुद्धा स्वतःहून मान्यताप्राप्त उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते.

आणखी एक. उपचारानंतर पाय घसरू शकतो, पुन्हा न्यायचं. पण मध्ये खंड पडल्यावर जुन्याच मापानं घेतलं तर श्वास थांबू शकतो. ओठ निळे दिसले, हाकेला ओ आली नाही, तर कुशीवर वळवा आणि १०८ लावा.

नवऱ्याशी आज रात्रीच बोल. सासूबाईंना सांगायला मी रविवारी केळव्याला येते.