वजन खरं सांग, मनू

मनू, परवा तू फोन ठेवलास त्यानंतर मी बराच वेळ गच्चीतच बसून होते. समोर अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरचा लाल दिवा दिसत होता आणि मोबाइलवर तू पाठवलेले ते तीन फोटो. स्प्रिंगचे पाय. ‘ताई, यातले कुठले घेऊ ते सांग आणि आईला कळू देऊ नकोस,’ एवढंच म्हणालीस. आईला मी काही सांगितलेलं नाही. ते तूच सांगशील, पण ते नंतर बघू. आधी आपण दोघी बोलू.

तुला हे हवंसं वाटलं याचा मला आनंद झाला, हे आधी सांगते. आपल्या घरात बारावीनंतर कुठली मुलगी मैदानावर गेल्याचं मला आठवत नाही. आत्या शाळेत लांब उडीत पहिली यायची म्हणे, पण लग्नानंतर ते फक्त म्हणण्यापुरतं उरलं. तेव्हा ‘घेऊ नकोस’ म्हणायला मी बसलेले नाही. पण घेण्याआधी एक गोष्ट तुला सांगायची आहे. ती मी घरात कुणालाच सांगितलेली नाही.

माझ्या डाव्या मनगटात प्लेट आहे ना, ती स्कूटी घसरून बसली असं सगळे धरून चाललेत. ते तसं नव्हतं गं. मी पुण्यात नोकरीला होते तेव्हा असेच स्प्रिंगचे पाय घेतले होते, जुने, एका मुलाकडून. त्यानं मेसेजवर विचारलं, ‘वजन किती?’ माझं वजन तेव्हा ७४ होतं. अनोळखी मुलाला आकडा सांगायची मला लाज वाटली आणि मी ६२ लिहून टाकलं. त्या आकड्याला बसेल अशी जोडी त्यानं दिली, त्याचं काही चुकलं नाही. तीन आठवडे मी मजेत उड्या मारल्या. मग एका संध्याकाळी जरा जोरात उतरले आणि उजव्या पायाचा पाटा पार बुडापर्यंत वाकला. बांबू फाटतो तसा आवाज झाला. मी मागे पडले ती हातावरच. दवाखान्यातही मी स्कूटीच सांगितली, कारण खरं सांगायचं तर वजनापासून सुरुवात करावी लागली असती.

म्हणून फोटोंच्या आधी तुझं वजन विचारते आहे.

हे पाय चालतात कसे ते बघ. ट्रकच्या मागच्या चाकाजवळ पोलादी पाटे असतात, एकावर एक रचलेले. तुमच्या कुपवाडच्या एमआयडीसीत माल भरून घेणारा कुठलाही ट्रक बघ, माल चढेल तसे ते दबत जातात. आपल्या पायाला त्या जागी एकच पाटा असतो आणि तो फायबरग्लासचा. पोलादापेक्षा तो हलका, आणि तेवढ्याच वजनात जास्त जोर साठवून ठेवतो. उतरताना तुझ्या अंगाचा जोर पाटा वाकवण्यात जातो आणि पाटा सरळ होताना तो तुला परत वर देतो. कांगारूच्या पायातल्या लांब कंडरा हेच काम करतात. जर्मनीत अलेक्झांडर बॉक नावाच्या माणसानं हे यंत्र बनवलं, म्हणून या खेळाला पॉवरबॉकिंग म्हणतात. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकच्या समारोपात असे पाय बांधलेले कलाकार होते.

आता यात वजन कुठे येतं? उभं असताना पाट्यावर तुझं वजन तेवढं वजन, पण उडीवरून उतरताना त्याच्या कितीतरी पट भार येतो. पाटा तुझ्या वजनाला कमी पडला तर पूर्ण दबून आदळतो, आणि रोज असं झालं की आतले तंतू सुटायला लागतात. जास्त कडक घेतला तर तो वाकतच नाही. मग तू लाकडी पायांवर चालल्यासारखी चालशील आणि सगळा दणका गुडघ्यात आणि कमरेत जाईल. मोठ्यांच्या जोड्या साधारण ५० ते ७०, ७० ते ९० आणि त्यापुढच्या अशा पट्ट्यांत येतात, लहान मुलांच्या वेगळ्या. कंपनीगणिक आकडे थोडे बदलतात, म्हणून खोक्यावरचा नाही तर खुद्द पाट्यावरचा आकडा वाच. तू ६८-६९ला असशील तर खालच्या पट्टीच्या काठावर बसू नकोस, वरची जोडी घे. दिवाळीच्या फराळानंतर काय होतं ते आपल्या दोघींना माहीत आहे.

आणि लाजायचं कशाला? आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ला लंडनला फ्लायवेटमध्ये लढले, सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला एक गट वर, ५७ किलोच्या बॅंटमवेटमध्ये उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तुमच्या सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरनं २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य मिळवलं, तेही कोपराला दुखापत झालेली असताना, आणि सुवर्ण फक्त एका किलोनं हुकलं. हे सगळे लोक पंचांसमोर काट्यावर उभे राहतात, आकडा कागदावर लिहिला जातो आणि त्यावरून कुणाशी लढायचं ते ठरतं. पैलवानाला कुणी म्हणत नाही की किती वाढलास रे. आपल्याला मात्र लग्नघरात जो भेटेल तो म्हणतो, आणि मग आपण आकडा गिळायला शिकतो. मी गिळला, त्याची प्लेट मनगटात घेऊन फिरते. तू मार्केट यार्डात हळदीची पोती ज्या काट्यावर चढतात त्यावर उभी राहा हवं तर, पण खरा आकडा घेऊन ये.

आता तुझे फोटो.

तिसऱ्या फोटोतली जोडी विसरून जा. स्वस्त आहे, मला मान्य, पण पाट्यावरचा वजनाचा स्टिकर खरवडलेला आहे. तो का खरवडला असेल ते मी शोधत बसणार नाही, तूही बसू नकोस. फायबरग्लासचा पाटा किती उड्या खाल्लेला आहे हे वरून कळत नाही. कडेला पांढुरक्या उभ्या रेघा दिसल्या तर आत चिरा पडायला लागल्या समज. पण रेघ दिसली नाही म्हणून तो धड आहे असंही नाही. शिवाय महिनोन्‌महिने उन्हात पडलेला असेल तर तो आणखीनच कच्चा होतो.

दुसऱ्या फोटोत आहेत ते बूट. स्केटिंगसारखा कडक बूट आणि खाली एकमेकींवर पालथ्या घातलेल्या दोन कमानी. स्विस कंपनीच्या नावावरून त्यांना सगळे कांगू म्हणतात. उंची कमी, घोटा बुटात आवळलेला, आणि मुख्य म्हणजे त्यावर एका जागी उभं राहता येतं. त्याचे वर्ग असतात, गाण्यावर उड्या मारत व्यायाम करतात. तुला फक्त घाम काढायचा असता तर मी हेच घ्यायला सांगितलं असतं. आईलाही हेच पटतील. त्यांनाही वजनाची पट्टी असते, तेवढं बघायचं. पण तुला ते नकोत हे मला तुझ्या आवाजावरूनच कळलं. तुला उंच व्हायचंय. दोन ढांगांत अख्खं मैदान ओलांडायचंय. ते या बुटांत नाही.

म्हणजे उरला पहिला. पोटरीच्या मागून जाणारा लांब पाटा, पायाखाली पट्टी, गुडघ्याखाली कडं. मलाही तोच आवडला. पण घेण्याआधी विकणाऱ्याला एवढं विचार: सुटे पाटे मिळतात का आणि किती दिवसांत? खालचे रबरी खूर झिजतात, ते मिळतात का? बाहेरून मागवायचं असेल तर जकात आणि पाठवणावळ धरून हिशेब कर. जोडी स्वस्त पडते आणि एक पाटा तुटला की ती कायमची माळ्यावर जाते, असं व्हायला नको. सुट्या भागांची हमी न देणाऱ्याकडून मी तरी घेणार नाही, मग रंग कितीही छान असो.

मापही घे. टाचेपासून गुडघ्याच्या वाटीच्या खालपर्यंत टेप लाव. कडं वाटीच्या खाली घट्ट बसलं पाहिजे, वाटीवर चढलं तर गुडघा वाकणार नाही आणि सैल राहिलं तर पाय आतल्या आत फिरेल. एकेक पाय तीन-चार किलोचा असतो. तो फिरला की घोट्याला आवरत नाही. बुटाला सपाट तळ हवा आणि नाड्या आत खोचायच्या. ओढणी, सैल सलवार, पैंजण यातलं काही अंगावर नको. पाटा वाकताना त्या फटीत कापड अडकतं, बोटंही अडकतात, म्हणून तू उड्या मारत असताना शेजारची पोरं दहा फूट लांब असू देत.

हेल्मेट, मनगटाचे गार्ड, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड हे सगळं मी घेऊन देणार. यात वाद घालू नकोस. पायांचे पैसे तुझे, पॅड माझे.

शिकण्याचं सांगते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. हे पाय बांधलेस की जमिनीवरून उठता येत नाही. बसायला उंच जागा लागते, टेम्पोचा मागचा हौदा बरोबर उंचीचा. दोन्ही बाजूंना दोघी जणी हव्यात, तुझ्यापेक्षा अंगानं कमी नसलेल्या. उठलीस की तू दीड फूट उंच झालेली असशील आणि तुला एका जागी उभं राहता येणार नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. खूर एवढासा असतो, त्यावर तोल धरत पावलं टाकत राहावंच लागतं, जागच्या जागी का होईना. थांबायचं असेल तर भिंत किंवा मैत्रीण गाठायची. पहिले तीन-चार दिवस फक्त चाल. उडीचं नाव काढू नकोस.

आणि पाय बांधायच्या आधी पडायला शीक. घरात जुनी गादी अंथर, पॅड घाल आणि पुढे गुडघ्यांवर, मग हातांच्या गार्डवर पडून बघ. दहा वेळा, वीस वेळा. तोल गेला की शरीर आपोआप पुढे आलं पाहिजे. मागे पडणं हे यातलं सगळ्यात वाईट पडणं, डोकं आणि मनगट दोन्ही जातं. आपल्या माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली तेव्हा आपण टीव्हीसमोर बसलो होतो, आठवतं? त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. तू म्हणालीस, ‘कशी उडते बघ!’ मला तेव्हाही ती पाण्यातून बाहेर पडताना कुठला पाय कसा टाकते तेच बघावंसं वाटत होतं.

जागा कोरडी, सपाट, खरखरीत हवी. बास्केटबॉलचं कोर्ट चालेल. गुळगुळीत फरशी नको, गवत नको, कृष्णाकाठची मऊ माती तर अजिबात नको, त्यात खूर रुततो. इकडे आलीस की यवतेश्वरच्या घाटात न्यायचा हट्ट करशील, कारण हाफ मॅरेथॉनवाले तिथे पळतात. उतारावर हे पाय आवरत नाहीत. घाटात आपण चालायला जाऊ.

दर वेळी बांधायच्या आधी नट हातानं तपास, आतून नायलॉनचं कडं असलेलेच नट वापर, ते हादऱ्यानं सैल होत नाहीत. आणि आजीच्या जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा पाट्यावरून कडेकडेनं फिरव. धागा कुठे अडकला की त्या दिवशी उड्या बंद. पाटा बदलायचा तर दोन्हीकडचा बदल, एक नवा एक जुना ठेवलास तर दोन पाय दोन तऱ्हेनं उसळतील.

आता ते मिरजेचं. मंडळाच्या मुलींनी विसर्जन मिरवणुकीत हे पाय बांधून नाचायचं ठरवलंय, हे तू शेवटी हळूच सांगितलंस. मला वाटतं फोन त्याच्यासाठीच होता. मनू, यंदा नको. मिरजेची मिरवणूक किती वेळ चालते, किती गर्दी असते ते तू लहानपणापासून बघते आहेस. रस्त्यावर गुलाल, त्यात पाऊस आला तर चिखल. वर स्वागत कमानी आणि विजेच्या तारा, आणि तू दीड फूट उंच, वर उडी वेगळी. पुढे ढोल, मागे ट्रॅक्टर, थांबायला भिंत नाही. गर्दीत तू पडलीस तर तुझ्याबरोबर कुणाचं तरी लेकरू पडेल. पुढच्या वर्षी कॉलेजच्या मैदानावर दोरी बांधून, मोकळ्या जागेत कार्यक्रम करा. मी पहिल्या रांगेत बसेन, आईला घेऊन.

तिला आता सांग. फोटो दाखवायच्या आधी पॅड दाखव, मग माझ्या मनगटाचं मी सांगेन. स्कूटीची गोष्ट मी इतकी वर्षं वागवली, ती या निमित्तानं उतरवून टाकायची आहे.

येत्या शनिवारी कोयनेनं ये, मी माहुलीच्या स्टेशनवर येते. येताना टेप आण, पायात बूट घालून ये. आणि आज रात्री मला आकडा पाठव. हळदीच्या काट्यावरचा.