घाट, साखर आणि सोबती

मधुमेह असलेल्या माणसाने डोंगराळ मुलुखात सायकलवरून प्रवास करावा का, असे रोल्ल्यातील दोन-तीन कुटुंबांनी मला अलीकडे विचारले. निमित्त असे, की गेल्या सप्टेंबरात मी आणि माझा मित्र क्रोएशिया, माँटेनेग्रो व अल्बेनिया या बाल्कन देशांतून बारा दिवस सायकलवरून फिरून आलो. माझे वय चोपन्न, मधुमेहाला अकरा वर्षे झाली. मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडची गोळीही चालू आहे. मित्राला कसलाच आजार नाही. माझे उत्तर 'करावा' असेच आहे, पण सोबत्याला आपल्या आजाराची किती माहिती आहे आणि विम्याच्या कागदावर काय लिहिले आहे, हे निघण्यापूर्वी पाहावे.

कोटोर हे माँटेनेग्रोतील समुद्रकाठचे गाव. तेथून न्येगुशीकडे जाणारा जुना रस्ता क्रमांक लावलेली २५ वळणे घेत सुमारे ९०० मीटर उंचीपर्यंत चढतो. त्याच देशातील दुर्मितोर भागातली सेडलो खिंड तर १,९०७ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहूनही (१,६४६ मीटर) उंच. अशा चढावर स्नायू रक्तातील साखर झपाट्याने वापरतात. औषध फक्त मेटफॉर्मिन असेल तर साखर फार खाली जाण्याची भीती कमी असते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला मात्र ती खरीखुरी असते. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की उपाय लगेच करायचा.

अडचण ही, की घाम, छातीत धडधड, हातापायांना कंप ही साखर उतरल्याची लक्षणे घाट चढणाऱ्या कोणालाही होतात. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर धडधडही नीट जाणवत नाही. शिवाय साखर उतरली की विचारशक्तीच मंदावते, त्यामुळे स्वतःचे स्वतःला कळेलच असे नाही. समोरच्याला मात्र दिसते: बोलणे अडखळते, माणूस विनाकारण चिडतो, साध्या प्रश्नाला भलतेच उत्तर देतो. म्हणून आम्ही ठरवले होते, की चढावर दर अर्ध्या तासाने थांबायचे आणि मित्राने मला काहीतरी साधे विचारायचे. कोटोरच्या चौदाव्या वळणावर त्याने माझ्या मुलीच्या वाढदिवसाची तारीख विचारली. "नसत्या चौकशा पुरे कर," असे मी त्याला फटकारले. त्याने काही न बोलता माझ्या पिशवीतून ग्लुकोमीटर काढले. आकडा आला ६२.

अशा वेळी पंधरा ग्रॅम साखर पोटात जायला हवी: तीन-चार चमचे ग्लुकोज पाण्यातून, किंवा अर्धा पेला फळांचा रस. मग पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, आणि आकडा अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढेच. माझा आकडा ९४ वर आला, मी बिस्किटे खाल्ली आणि अर्धा तास बसून राहिलो. शेंगदाण्याची चिक्की आमच्याजवळ होती, पण तिच्यातील तेलामुळे साखर सावकाश चढते. ती शिदोरी म्हणून उत्तम, तातडीचे औषध म्हणून नव्हे. माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये, थेट वैद्यकीय मदत बोलवावी.

दिवसभराच्या श्रमानंतर रात्री झोपेतही साखर उतरू शकते. म्हणून आम्ही एकाच खोलीत राहिलो आणि झोपण्यापूर्वी मी न चुकता तपासणी केली. श्रमाच्या दिवशी गोळी किती घ्यायची हे डॉक्टरांनी आधीच लिहून दिले होते. ते आपल्या मनाने ठरवू नये. डोळ्यांचा पडदा, पावलांची संवेदना आणि हृदय यांची तपासणीही निघण्यापूर्वी करून घेतली.

सराव येथेच होतो. रास अल खैमाच्या जेबेल जैसचा चढ, जो 'यूएई टूर' शर्यतीतही अनेकदा राहिला आहे, सुमारे वीस किलोमीटरचा आहे. आम्ही थंडीच्या दिवसांत पहाटे सायकली गाडीत घालून पायथ्याशी नेत असू, कारण येथील महामार्ग सायकलींसाठी नाहीत. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या गटात पुरी केली. त्यांची गोष्ट वेगळी. आम्हाला पोहोचायची घाई नव्हती.

आता पैशाचे. शारजात खाजगी नोकरदारांना आरोग्य विमा १ जानेवारी २०२५ पासून सक्तीचा झाला, पण त्यातील मूलभूत पॉलिसी बाल्कनमध्ये उपयोगी पडेल असे धरून चालू नये. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. त्या व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा लागतो. माँटेनेग्रो आणि अल्बेनिया शेंगेनमध्ये नाहीत, आणि काही स्वस्त पॉलिसी शेंगेनच्या सीमेवरच संपतात. तेव्हा पॉलिसीत देशांची नावे वाचावीत. मधुमेह आहे हे अर्जात लिहावेच. हप्ता थोडा वाढतो, पण लपवलेल्या आजारावर दावा नाकारला जातो आणि परदेशातील रुग्णालयाचे बिल सगळी बचत खाऊन टाकते. डोंगरातील सायकल 'साहसी खेळ' म्हणून वगळली आहे का, डोंगरातून उचलून आणण्याचा खर्च मिळतो का, हेही लेखी विचारून घ्यावे.

दिरहॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, युरोशी नाही; म्हणून आम्ही युरो तीन हप्त्यांत घेतले. क्रोएशिया व माँटेनेग्रोत युरोच चालतो, अल्बेनियात लेक. डोंगरातल्या खाणावळींसाठी रोकड बरी.

परतीची तारीख बदलता येईल असे तिकीट घेतले. दोघांच्याही तिकिटांचे त्यासाठीचे जादा पैसे मी भरले, कारण अर्ध्यातून परतावे लागले असते तर ते माझ्या आजारामुळे. मित्राने बराच वाद घातला, पण मी ऐकले नाही.