सहकाऱ्याची मुलाखत : कामातलं समाधान कसं विचारावं?

बारावीच्या युवकभारतीत उपयोजित मराठी विभागात ‘मुलाखत’ हा घटक आहे. मुलाखत म्हटलं की आपल्याला लेखक, खेळाडू, नट आठवतात. पण नोकरीला लागल्यावर बरोबरच्या माणसाची मुलाखत घ्यायची वेळही येते. माणूस ओळखीचा, म्हणून ती सोपी वाटते. खरं तर तीच अवघड! कारण उद्या त्याला त्याच साहेबांसमोर उभं राहायचं असतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही रेल्वेत नवीन चालक आहात आणि आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक सुरेखा यादव यांची निवृत्तीनिमित्त मुलाखत घ्यायची आहे.

१) पूर्वतयारी

आधी टिपण काढा. सुरेखाताई मूळच्या साताऱ्याच्या. प्रशिक्षण कल्याणला. १९८९ मध्ये त्या सहाय्यक चालक झाल्या, २००० मध्ये लोकलच्या मोटरवुमन. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन आणली, मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून वंदे भारत. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. एवढं हाताशी असलं की ‘नोकरीला कधी लागलात?’ यात वेळ जात नाही.

२) प्रश्न

‘तुम्ही कामावर समाधानी आहात का?’ असं विचारलंत तर ‘हो’ एवढंच उत्तर येईल. समाधान पगार, मान, कामाचे तास, कौशल्य आणि सोबतची माणसं यांत विखुरलेलं असतं. म्हणून प्रसंग विचारा :

- ताई, गाडीची पूर्ण जबाबदारी पहिल्यांदा तुमच्यावर आली, तो दिवस कसा होता?
- घाट उतरताना लक्ष कुठे ठेवावं लागतं?
- कोणती सोय लवकर व्हायला हवी होती?
- आज पुन्हा निवड करायची झाली, तर हीच नोकरी घ्याल का?

‘घर कसं सांभाळलंत?’ हा प्रश्न सुचला तर थांबा. पुरुष चालकाला तो विचारला असता का? नसेल, तर दोघांनाही विचारा किंवा सोडून द्या.

सहकारी डोंबिवलीहून रोज सीएसएमटी गाठणारा कारकून असेल, तर लोकलचा प्रवासही त्याच्या कामाचाच भाग समजा. ‘ऑफिसात पोचल्यावर पहिला अर्धा तास कसा जातो?’ या साध्या प्रश्नातून बरंच काही बाहेर येतं.

३) विश्वास

बोलता बोलता सहकारी वरिष्ठांबद्दलची तक्रार सांगेल आणि म्हणेल, ‘हे लिहू नकोस हं.’ मग ते लिहायचं नाही, चहाच्या टपरीवरही बोलायचं नाही. मजकूर छापण्याआधी त्याला वाचून दाखवा. आपल्याला एक चटकदार वाक्य मिळतं, पण त्याची किंमत त्याला मोजावी लागते.

स्वाध्याय : तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या एका नोकरदार व्यक्तीसाठी आठ प्रश्न तयार करा. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात उत्तर संपेल असा एकही प्रश्न नको.