मोंढ्यातला आवाज आणि एम.एस्सी.चा प्रोजेक्ट

चौथं सेमिस्टर लागलं की एम.एस्सी. आणि एमसीएची मुलं प्रोजेक्टबद्दल विचारायला येतात. माझा प्रोजेक्ट मराठी आवाज ओळखण्याचा होता. जाधववाडीच्या मोंढ्यात शेतकरी-व्यापारी शेतमालाचा भाव बोलतात, तो कॉम्प्युटरने ऐकून लिहून काढायचा. त्या कामातून जे शिकलो, ते मुलांना सांगतो तसंच इथे लिहितो.

१. विषय एवढा लहान घ्या की गाइडला एका वाक्यात सांगता येईल. ‘शेतीसाठी एआय’ हा विषय एका सेमिस्टरमध्ये कुणाच्याच हातून पुरा होत नाही. तूर, मका, बाजरी, कापूस यांची नावं आणि भाव ओळखणं, एवढ्यात भरपूर काम आहे. त्याआधी शोधगंगा हा पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह उघडा. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सायन्स विभागात मराठी उच्चार ओळखण्यावर अनेक वर्षं संशोधन झालं आहे. त्या प्रबंधांची शेवटची प्रकरणं आधी वाचा. पुढे काय करायचं राहिलं, हे आपल्या सीनियरनी तिथे लिहून ठेवलेलं असतं.

२. डेटा स्वतः गोळा करा. नेटवरचा तयार डेटासेट उतरवून मॉडेल चालवणारे प्रत्येक बॅचमध्ये असतात आणि त्यांचे रिपोर्ट एकमेकांसारखेच दिसतात. मोंढ्यात मात्र असं काही ऐकू येतं जे लॅबमध्ये कधीच सापडणार नाही. हमालांची हाक, ट्रॅक्टरचा आवाज आणि त्यातून कुणीतरी म्हणतं, “तूर पावणेआठ.” हजार हा शब्द तो उच्चारतच नाही, ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की भाव क्विंटलला ७,७५० रुपये आहे. दीड, अडीच, सव्वा, साडे, पावणे ही आपली मोजण्याची रीत आहे, आणि मशीनला ती शिकवावी लागते. लातूर-नांदेडकडचा माणूस ‘करतोय’ला ‘करूलालो’ म्हणतो. तेही तसंच टिपायचं, पुण्याच्या पुस्तकातलं करून ठेवायचं नाही. रेकॉर्डिंगसाठी साधा मोबाइल पुरतो. सोळा किलोहर्ट्झ, सोळा बिट, एकच चॅनल ठेवलं तर एका तासाची फाइल सुमारे ११५ एमबीची होते. बोलणाऱ्याला आधी मराठीत नीट समजावून सांगा की आवाज कशासाठी हवा आहे. तो नको म्हणाला तर राम राम करून पुढे जा.

३. लिहून काढण्याचे नियम पहिल्याच दिवशी ठरवा. याकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला र कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्यापुढे हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ‘ॲप’मधल्या ॲ चंही तेच. २००८ साली युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा मिळाली, तरी अजून बरेच कीबोर्ड अ वर चंद्र देऊन काम भागवतात. मॉडेलने शब्द बरोबर ओळखला आणि तुमच्या यादीत तो दुसऱ्या तऱ्हेने टाइप झालेला असला, तर हिशेबात ती चूकच धरली जाते. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन लावूनही ही रूपं एक होत नाहीत, त्यांच्यासाठी स्वतःचा छोटा प्रोग्राम लिहावा लागतो. ७,७५० आकड्यात लिहायचं की अक्षरात, हेही तेव्हाच ठरवून टाका.

४. आधी साधी पद्धत चालवा. आवाजाची एमएफसीसी वैशिष्ट्यं काढा, एखादा जुना क्लासिफायर लावा, निकाल वहीत नोंदवा. मग व्हिस्पर किंवा एआय४भारतच्या आवाज ओळखणाऱ्या तयार मॉडेलकडे वळा. पहिला आकडा हाताशी नसेल, तर दुसऱ्याने किती सुधारणा झाली हे सांगणार कसं?

५. ट्रेनिंग आणि टेस्टची विभागणी माणसांवरून करा, फाइलींवरून नको. एकाच माणसाचे आवाज दोन्हीकडे आले की अचूकता फुगते, कारण मॉडेलने शब्दाबरोबर त्या माणसाचा गळाही पाठ केलेला असतो. नवख्या माणसाच्या आवाजावर काय होतं, हाच खरा प्रश्न आहे. चुकांचं प्रमाण काढताना बदललेले, गळालेले आणि जादा घुसलेले शब्द वेगवेगळे मोजा. माझ्याकडे गळालेले सर्वाधिक होते, आणि ते बहुतेक ‘सव्वा’, ‘दीड’सारखे आखूड शब्द. हे कळल्यावर पुढे काय करायचं ते आपोआप ठरलं.

६. लिखाण पहिल्या महिन्यापासून सुरू ठेवा. मोंढ्यातून आलात की त्याच संध्याकाळी अर्धं पान लिहा: किती माणसं भेटली, गोंगाट कशाचा होता, कुठली फाइल टाकून दिली आणि का. पुढे पद्धतीचं प्रकरण यातूनच उभं राहतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही; ते त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत गेलं तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो. स्वतःच्या नोंदींवरून लिहिणाऱ्याला या आकड्यांची धास्ती राहत नाही.

७. बायंडिंगला औरंगपुऱ्यात शेवटच्या दिवशी जाऊ नका. तेव्हा अख्खी बॅच तिथे असते.

८. व्हायवाला डेमो इंटरनेटशिवाय चालला पाहिजे. एक्स्टर्नलने स्वतः बोलून पाहिलं तर उत्तमच, त्यांना माइक आपणहून द्या. चुकीचा शब्द आला तर तो का आला हे सांगा. चूक समजावून सांगणाऱ्या मुलाला जास्त प्रश्न विचारावे लागत नाहीत, हे मी वारंवार पाहिलं आहे.

९. प्रोजेक्ट संपला की डेटा पेन ड्राइव्हमध्ये पडू देऊ नका. ज्यांनी संमती दिली त्यांचे आवाज, नावं आणि फोन नंबर काढून, लिहून काढण्याच्या नियमांसकट विभागात जमा करा. पुढच्या बॅचमधली एखादी मुलगी त्यात पैठणचे, कन्नडचे, सिल्लोडचे आवाज घालील. मोंढ्यात बायका भाव कसा बोलतात, हे माझ्या डेटात जवळजवळ नाहीच; ते काम तिच्यासाठी तयार आहे.