सँडबॉक्सला वारसा देऊ नका

पेडण्यातल्या केरीत, तेरेखोलला जाणारी फेरीबोट जिथून सुटते त्या बाजूला मी राहतो आणि घरूनच सर्व्हर सांभाळायची कामं करतो. एका प्रशिक्षण संस्थेत विद्यार्थ्यांचे पायथन प्रोग्रॅम सँडबॉक्समध्ये, म्हणजे बंदिस्त वातावरणात, चालवून तपासले जात. फायलींना कुलूप, इंटरनेट बंद, वेळेची मर्यादा, सगळं चोख. एका मुलीनं कुतूहलापोटी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल छापून पाहिले, तर स्क्रीनवर गुणांच्या डेटाबेसचा पासवर्ड! तिनं तो लगेच शिक्षकांना दाखवला, याचं मला फार कौतुक वाटतं. दुरुस्ती माझ्याकडे आली. पासवर्ड आधी बदलला, मग कारण शोधलं: वारसा.

युनिक्समध्ये ही रीत १९७९ पासूनची: नवी प्रोसेस, वेगळं काही सांगितलं नाही तर, आपल्या मूळ प्रोसेसचे सगळे व्हेरिएबल वारशानं घेते. इंटरनेट बंद केलं तरी आउटपुट ही बाहेर जायची वाट उरतेच. इंटरनेट उघडं असेल तर धोका आणखी मोठा: २०२१ मध्ये टेस्ट कव्हरेज मोजणाऱ्या कोडकव्ह सेवेच्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी फेरफार केला आणि ग्राहकांच्या बिल्ड सर्व्हरवरचे व्हेरिएबल कित्येक आठवडे परस्पर बाहेर जात राहिले.

म्हणून नको असलेले व्हेरिएबल एकेक करून वगळत बसू नका. उद्या कुणी नवा पासवर्ड जोडला की तो त्या यादीतून सुटतो. सुरुवात रिकाम्यापासून करा. पायथनच्या सबप्रोसेसला एन्व्ह स्वतः द्या, बबलरॅप या सँडबॉक्स साधनात क्लिअरएन्व्ह वापरा. पाथ, होम आणि लँग बहुतेकदा पुरतात. लँग यूटीएफ-८ ठेवा, नाहीतर जावासारख्या भाषांत मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटू शकतात.

प्रोग्रॅम सुरू झाल्यावर आतून व्हेरिएबल पुसण्यावर तर मुळीच विसंबू नका. लिनक्सच्या प्रॉक फाइलसिस्टीममध्ये सुरुवातीची नोंद सहसा तशीच राहते, आणि मूळ प्रोसेस त्याच युजरच्या नावानं चालत असेल तर तिचीही नोंद वाचता येऊ शकते. युजर वेगळा हवा, पीआयडी नेमस्पेसही वेगळी हवी. डॉकर होस्टचे व्हेरिएबल आपणहून आत नेत नाही, पण इमेज बनवताना एन्व्हमध्ये लिहिलेला पासवर्ड इमेजबरोबर जाईल तिथे जातो.

डेटाबेसशी बोलणं बाहेरच्या प्रोसेसकडेच ठेवा. त्या बाहेरच्या प्रोसेसमध्ये एक खोटा पासवर्ड व्हेरिएबल म्हणून पेरा, सँडबॉक्सच्या आत सगळे व्हेरिएबल छापणारा प्रोग्रॅम चालवा आणि तो पासवर्ड दिसला की चाचणी नापास होऊ द्या. दर बदलानंतर ही चाचणी आपोआप चालली पाहिजे.