सबसॉयलर बोलवायच्या आधी

अगं, यंदा सबसॉयलर लावायचाच म्हणतेस. लाव, पण आधी कुदळ घे आणि उसाच्या सरीत हातभर खोल खड्डा काढ. त्याची एक बाजू चाकूनं खरवडून बघ. वरची पाच-सहा इंच माती भुसभुशीत, खाली चपटी, एकावर एक थापल्यासारखी ढेकळं आणि पांढरी मुळं तिथवर येऊन आडवी पळालेली दिसली, की तोच कठीण थर. रोटाव्हेटर दरवर्षी त्याच खोलीवर फिरतो आणि खालची ओली माती चोपत जातो. आपल्या कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून थोडीफार आपोआप मोकळी होते. पण उसाला बारा महिने पाणी, भेगा पडायला उसंत कुठली!

थर कुठं संपतो ते पट्टीनं मोज. फाळ त्याच्या दोन-तीन इंच खालून गेला की पुरे, उगाच जास्त खोल घालून डिझेल जाळू नकोस. आणि चालवायचा तो एप्रिल-मेमध्ये, रान खालपर्यंत वाळल्यावर. सुकी माती तडकते, थर फुटतो. ओल्यात तोच फाळ नुसती चीर पाडतो आणि तिच्या कडा लिंपून ठेवतो. ट्रॅक्टरवाला आत्ताच येतो म्हणाला तरी तू रान वाळायची वाट बघ.

मला खरी काळजी आहे ती पुढची. फोडलेलं रान मऊ असतं, ओल्यात चाक गेलं की पहिल्याच फेरीत बरंचसं दबतं. म्हणून वाफसा आल्याशिवाय ट्रॅक्टर आत घालू द्यायचा नाही, कुणी कितीही घाई करो. वीतभर खालची माती घे, तळव्यावर वळून बघ. वळकटी होत असेल तर थांब, भुगा होत असेल तर खुशाल जा. तोडीच्या आधी दोन-तीन आठवडे पाणी तोड. टोळी आली की भरलेली ट्रॉली ठरलेल्या एकाच वाटेनं काढायला लाव. हे तू स्वतः बांधावर उभी राहून सांग, निरोपावर ऐकत नाहीत.

जूनच्या पावसावर ताग टाक, फुलावर आला की गाड. मुळं फटींत उतरतात, फटी लवकर मिटत नाहीत. पाचट मात्र जाळू नकोस.

जिप्सम आत्ताच घेऊ नकोस. जमीन चोपण असेल तर त्याचा उपयोग, चाकानं दाबलेलं त्यानं फुटत नाही. माती परीक्षणाचा कागद आला की फोटो पाठव, सोडियमचा आकडा बघून सांगते.