हरियल : पाहावा कसा, टिपावा कसा

महाराष्ट्राचा राज्यपक्षी कोणता, असे वर्गात विचारले असता ‘हरियल’ हे उत्तर पुष्कळ मुले देतात. परंतु तो प्रत्यक्ष पाहिला आहे काय, असे विचारताच वर्ग स्तब्ध होतो. म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही काही विद्यार्थ्यांसह पहाटेच चाकणजवळील एका जुन्या वडाखाली जाऊन उभे राहिलो.

वड पिकला होता. प्रथम लाल फळांखेरीज काहीच दिसेना. मग एक पान हलल्यासारखे वाटले. पाहतो तो हरियल! आकाराने पारव्याएवढा, डोके राखी, मान व छाती पिवळसर हिरवी, खांद्यावर जांभळट डाग. पाय मात्र पारव्यासारखे तांबडे नव्हेत, हळदीसारखे पिवळे. त्याचा आवाजही घुमण्यापेक्षा मंजुळ शिळेसारखा असतो. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. वड, पिंपळ, उंबर ह्यांची फळे हेच त्याचे मुख्य अन्न होय.

आमच्यापैकी एकाला छायाचित्राची घाई झाली. पक्षी उघड्यावर यावेत म्हणून त्याने टाळी वाजविली आणि सारा थवा उडाला. दोष त्याचा एकट्याचा नव्हे. आम्ही आधी बजावले नव्हते. पुढील रविवारी नियम ठरविले : सूर्य पाठीशी असावा, कपडे साधे असावेत, बोलू नये, घरट्याजवळ जाऊ नये. मागे उजळ आकाश असल्यास पक्षी काळवंडतो, म्हणून कॅमेऱ्यात प्रकाश थोडा वाढवावा. तासाभराने एक हरियल कोवळे ऊन खात शेंड्यावर बसला आणि हवे ते चित्र मिळाले.

वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ह्या पक्ष्याच्या शिकारीस बंदी आहे. परंतु झाडच गेले तर त्याची भूक कोण भागविणार? सर्व वड-उंबर एकाच वेळी फळत नाहीत. एक संपतो तेव्हा दुसरा पिकतो, आणि ह्या क्रमावरच हरियल वर्षभर जगतो. पिंपरी-चाकण पट्ट्यातील कारखान्यांनी अनेकांच्या घरची चूल पेटविली, हे खरे. पण रस्त्यासाठी पडलेल्या वडाची जागा नवे रोप कित्येक वर्षे भरून काढू शकत नाही. पालकांनी आपल्या परिसरातील जुनी झाडे राखण्यास हातभार लावावा, ही विनंती.

मुलांनो, छायाचित्राखाली पक्ष्याबरोबर झाडाचेही नाव व ठिकाण लिहा; आणि पुढील वर्षी पुन्हा तेथे जाऊन दोघेही आहेत ना, हे पाहा.